चार धातू मोजले, काळं कव्हर कोण मोजणार?

प्रति,
मा. सदस्य सचिव, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ
मा. सदस्य सचिव, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ
मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका आणि पिंपरी-चिंचवड महानगरपालिका

विषय : ई-कचऱ्यातल्या ज्वालारोधक प्लास्टिकची निवड, नोंद आणि विल्हेवाट

महोदय,

जुना डबा टीव्ही फोडला की प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते. तांब्याची कॉइल एका पोत्यात, सर्किट बोर्ड दुसऱ्यात, लोखंडी पट्ट्या कोपऱ्यात, काचेची नळी बाजूला. उरतं ते मागचं काळं कव्हर. दोन-अडीच किलोचं, धुळीने माखलेलं, एकात एक बसवून भिंतीशी रचलेलं. त्याला गिऱ्हाईक असतं, भावही असतो. सरकारी हिशेब मात्र नसतो. हे पत्र त्या कव्हरबद्दल आहे.

ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यानुसार उत्पादकांवर पुनर्प्रक्रियेचं बंधन आलं : २०२५-२६ आणि २०२६-२७ या वर्षांसाठी ७० टक्के, २०२७-२८ पासून ८० टक्के. ते पुरं करायला नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया उद्योगाकडून प्रमाणपत्रं घ्यायची. आणि ही प्रमाणपत्रं निघतात चार धातूंवर : सोनं, तांबं, ॲल्युमिनियम, लोखंड. प्लास्टिकवर प्रमाणपत्र नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या जागतिक ई-कचरा अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला आणि त्यात १ कोटी ७० लाख टन प्लास्टिक होतं. म्हणजे चौथ्या हिश्शाहून जास्त वजन. एवढ्या वजनाला ज्या वहीत रकानाच नाही, ते कुठे जातं हे त्या वहीतून कळणार कसं?

आम्ही भंगार, प्लास्टिक दाणा (जुनं प्लास्टिक दळून-वितळवून केलेला नव्या वस्तूंचा कच्चा माल) आणि पॉलिमर तपासणी या तीन धंद्यांतले लोक आहोत. आमचा स्वार्थ सरळ आहे. हा माल आमच्या हातांखालून जातो, त्याचा धूर आमच्या शेडमध्ये कोंडतो आणि त्यातून झालेली वस्तू आमच्याही स्वयंपाकघरात येते. कुणाच्या कहाण्या सांगत बसत नाही. मालाबद्दल बोलतो.

कव्हरमध्ये असतं काय

टीव्हीचं कव्हर बहुधा हिप्सचं, मॉनिटर किंवा प्रिंटरचं एबीएसचं. दोन्ही प्लास्टिकं पेट्रोलियमची पोरं, आग लागली की धडाधड जळतात. आत ट्रान्सफॉर्मर तापतो, सोल्डर सुटतो, ठिणगी पडते. म्हणून कव्हर आपोआप विझणारं असावं अशी कसोटी आली. ‘व्ही-०’ दर्जा मिळवायचा तर उभ्या पट्टीला दहा-दहा सेकंद दोनदा ज्योत लावतात. ज्योत काढल्यावर पट्टी दहा सेकंदांत विझली पाहिजे आणि जळते थेंब खाली पडता कामा नयेत. त्यासाठी प्लास्टिकमध्ये ब्रोमीनची संयुगं मिसळतात. जोडीला अँटिमनी ट्रायऑक्साइड, कारण एकट्या ब्रोमीनपेक्षा जोडी जास्त काम करते. मिसळण्याचं प्रमाण चिमूटभर नसतं. हिप्सच्या कव्हरमध्ये डेकाबीडीई हे ब्रोमीनचं संयुग १० ते १५ टक्के, अँटिमनी तीन ते पाच टक्के. जुन्या एबीएसमध्ये त्याचाच भाऊ ऑक्टाबीडीई १२ टक्क्यांच्या वर.

टीव्हीत हे रसायन आपलं काम चोख करतं, त्याबद्दल तक्रार नाही. आगीतून माणसं वाचावीत म्हणूनच ते घातलं. अडचण पुढच्या जन्मात येते. ही संयुगं प्लास्टिकला रासायनिक बंधाने जोडलेली नसतात, नुसती मिसळलेली असतात. धुळीत झडतात, गरम तेलात उतरतात. काळ्या उलथन्यांवर केलेल्या प्रयोगांत हे दिसलं आहे. शरीरात गेली की चरबीत साठतात, थायरॉइडच्या कामात ढवळाढवळ करतात, आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर होणारा परिणाम हा सर्वांत मोठा घोर आहे. टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराने यांचे पेंटा आणि ऑक्टा प्रकार २००९ मध्ये यादीत घेतले, एचबीसीडी हे आणखी एक ब्रोमीनचं ज्वालारोधक २०१३ मध्ये, डेका २०१७ मध्ये. भारताने ५ मार्च २०१८ ला टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांचे नियम काढून सात रसायनांचं उत्पादन, व्यापार आणि वापर बंद केला. त्या सातांत पेंटा आहे, ऑक्टा आहे, एचबीसीडी आहे. डेका नाही. पण पुण्याच्या भंगारात डब्बा टीव्हीच्या पाठीवर सर्वांत जास्त शंका ज्याची घ्यावी, तो डेकाच.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या काळ्या प्लास्टिकच्या वस्तूंवर एक अभ्यास आला आणि घराघरांतले काळे झारे कचऱ्यात गेले. त्या अभ्यासात सुरक्षित मात्रेचा हिशेब करताना एक शून्य गळलं होतं. ६० किलोच्या माणसासाठी दिवसाला ४,२०,००० नॅनोग्रॅम हवे तिथे ४२,००० छापले गेले. डिसेंबरमध्ये दुरुस्ती आली. धोका दहापट फुगला होता, हे खरं. पण झाऱ्यात ते रसायन सापडलं होतं, हेही तितकंच खरं. झाऱ्याला व्ही-० दर्जा कुणी मागितला नव्हता. ते तिथे पोहोचलं ते भंगाराच्या वाटेने.

एक किलो आणि शंभर किलो

विजेच्या नव्या वस्तूंत पीबीडीई (पेंटा, ऑक्टा, डेका हे सगळे याच कुटुंबातले) ०.१ टक्क्याहून जास्त नको, असं २०२२ चेच नियम सांगतात. आता गणित करा. १० टक्के डेका असलेलं एक किलो कव्हर ९९ किलो स्वच्छ मालात मिसळलं, की शंभर किलो दाण्यात बरोबर ०.१ टक्का भरतो. म्हणजे एक मध्यम कव्हर दोन क्विंटलहून जास्त दाणा मर्यादेवर नेऊन ठेवतं. ग्राइंडरमध्ये दिवसाला पाच-सहा कव्हरं नजरचुकीने गेली तरी टनभर माल गेला.

आणि एकदा मिसळलं की परत निवडता येत नाही. कारण वजनात आहे. साध्या हिप्सची घनता १.०५ च्या आसपास. दहा टक्के डेका आणि चार टक्के अँटिमनी घातलं की ती १.१६ वर जाते. हा फरक मिठाच्या पाण्यात लख्ख दिसतो. पण तेच रसायन पातळ होऊन ०.१ टक्क्यावर आलं, की फरक तिसऱ्या दशांश स्थळी उरतो. कोणत्याही हौदात तो माल स्वच्छ मालासोबतच तरंगणार. म्हणून आमच्या धंद्यातला एकच खरा नियम : आधी निवडा, मग दळा. निवडण्याआधी ज्याने दळलं, त्याने प्रश्न सोडवला नाही, लपवला.

लपवायला काळा रंग मदत करतो. वेगवेगळ्या रंगांचा चुरा एकत्र आला की त्याला दुसरा कुठलाच रंग देता येत नाही, काळा मास्टरबॅच (दाट रंगाचे दाणे) टाकावाच लागतो. त्यातलं कार्बन ब्लॅक अवरक्त किरण गिळतं, त्यामुळे अवरक्त किरणांवर प्लास्टिक ओळखणारी महागडी स्वयंचलित यंत्रंही काळ्या तुकड्यापुढे आंधळी होतात. तुळशीबागेत असो की आठवडी बाजारात, काळ्या प्लास्टिकच्या वस्तूवर तिचा पूर्वजन्म छापलेला नसतो.

ओळखता येतं, आणि फार महागही नाही

हे कसं निवडायचं ते सविस्तर लिहितो, कारण ‘आपल्याकडे हे शक्य नाही’ हे उत्तर आम्हाला नको आहे.

सध्या सर्वांत जास्त चालते ती लायटरची परीक्षा. कव्हराचा कोपरा पेटवायचा, ज्योत, काजळी आणि वास बघायचा. लगेच विझलं तर ‘एफआर’, म्हणजे ज्वालारोधक, माल. ही परीक्षा दोन कारणांनी बाद करायला हवी. एक, ती चुकते. पॉलिकार्बोनेट आणि पीव्हीसीही आपोआप विझतात, आणि थोडंसंच ब्रोमीन असलेला मिश्र माल साध्यासारखाच जळतो. दोन, ब्रोमीनचं प्लास्टिक धुमसत जळताना ब्रोमीनयुक्त डायॉक्सिन आणि फ्युरान तयार होतात, आणि ते हुंगणाऱ्याचं नाक ज्योतीपासून वीतभर अंतरावर असतं. दिवसातून शंभर वेळा.

त्याच्या जागी पहिली पायरी फुकटची आहे : आतल्या बाजूचा शिक्का वाचणं. बाण उलटसुलट काढून त्यांच्यामध्ये प्लास्टिकचं नाव, पुढे ‘एफआर’ आणि कंसात आकडा असतो. आकडा १४ ते २१ असेल तर ब्रोमीन. १७ म्हणजे डायफेनिल ईथर (पीबीडीई) आणि बायफेनिल प्रकार सोडून इतर अरोमॅटिक ब्रोमीन संयुग, अँटिमनीसह. १८ आणि १९ म्हणजे थेट पीबीडीई. ४० असेल तर फॉस्फरस, ब्रोमीन नाही; तो माल वेगळ्या पोत्यात ठेवला तर चांगला विकतो. अडचण अशी की जुन्या डबा टीव्हीवर बऱ्याचदा शिक्काच नसतो. शिक्का असला तर विश्वास ठेवा, नसला म्हणजे माल स्वच्छ असं समजू नका.

दुसरी पायरी वस्तूवरून. डबा टीव्ही आणि डबा मॉनिटरची मागची कव्हरं, यूपीएसचे डबे, चार्जर आणि ॲडॉप्टरची खोकी, प्रिंटरमधल्या फ्यूजरजवळचे भाग, कनेक्टर : हे संशयित. फ्रिजच्या आतलं पांढरं अस्तर, वॉशिंग मशीनचा पॉलिप्रॉपिलीनचा टब, बहुतेक कीबोर्ड : हे सहसा स्वच्छ. सुटं करणाऱ्या बाईला वा माणसाला हे दोन दिवसांत पाठ होतं. फक्त तिने दोन पोती ठेवली तर तिला जास्त पैसे मिळायला हवेत. आज मिळत नाहीत.

तिसरी पायरी, क्ष-किरणांची बंदूक. हाती धरायच्या एक्सआरएफ यंत्राने आतल्या, रंग न लावलेल्या बाजूवर दहा सेकंद धरलं की एकूण ब्रोमीन कळतं. उचलणं-ठेवणं धरून तासाला शंभर-दीडशे कव्हरं होतात, म्हणजे अडीच-तीन क्विंटल माल. युरोपात २००० मिलिग्रॅम प्रति किलो एकूण ब्रोमीन ही रेघ मानतात. वर गेलं की ब्रोमीनचा ढीग, खाली राहिलं की पुनर्वापर. यंत्राच्या मर्यादाही सांगून ठेवतो. ते ब्रोमीन दाखवतं, कुठलं संयुग ते सांगत नाही. डेकामध्ये ब्रोमीन वजनाच्या ८३ टक्के, टीबीबीपीए या दुसऱ्या ब्रोमीन संयुगात ५९ टक्के, आणि यंत्राला दोन्ही सारखेच. पातळ पत्रा किंवा मोकळा चुरा असला तर आकडा कमी येतो. त्यामुळे चुऱ्याची तपासणी करताना पोत्याच्या वर, मध्ये आणि तळाशी हात घालून नमुना काढायचा, तो मिसळून चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे, पुन्हा तेच, आणि शेवटी उरलेला चुरा कपात किमान सेंटीमीटरभर दाबून भरायचा. संयुग कळायला हवं तर प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफी. तिथेही डेका लांब नळीत तापून फुटतो, म्हणून आखूड नळी लागते. हे न जाणणारी प्रयोगशाळा ‘आढळलं नाही’ असा स्वच्छ कागद हातात देऊ शकते.

चौथी पायरी हौदाची, आणि ती छोट्या शेडलाही परवडते. कव्हर दळून आठ ते बारा मिलिमीटरचा चुरा करायचा. पहिल्या हौदात साधं पाणी : पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन तरंगतं, बाकी बुडतं. बुडालेला माल दुसऱ्या हौदात, मिठाच्या पाण्यात, घनता १.०८. हजार लिटर पाण्याला साधारण १३० किलो जाडं मीठ लागतं, पण मिठात माती आणि ओल असते म्हणून पोती मोजू नका, हायड्रोमीटर बघा. साधं हिप्स आणि एबीएस वर येतं. ब्रोमीनचा माल, पॉलिकार्बोनेट, पीव्हीसी, काचेच्या तंतूंचं नायलॉन तळाला जातं.

चुका कुठे होतात तेही लिहितो, कारण कागदावर ही पद्धत फार सोपी दिसते. चुऱ्याला हवेचे बुडबुडे चिकटतात आणि ब्रोमीनचा तुकडा तरंगतो. त्यावर उपाय थोडं साबणाचं द्रावण आणि नीट ढवळणं. पहिल्या हौदातला ओला माल सोबत पाणी आणतो आणि दुसऱ्या हौदाचं मीठ पातळ होतं; दोन-तीन तासांनी घनता तपासली नाही तर संध्याकाळी साधं एबीएसही तळाला बसायला लागतं. काही जाड कव्हरं आतून फेसाळ असतात, त्यांच्यात ब्रोमीन असूनही ती तरंगतात. म्हणून हौदाआधी बंदूक हवी. टाल्क भरलेलं पॉलिप्रॉपिलीन एबीएसच्या सोबत येतं आणि पुढे दाणा ठिसूळ करतं. पितळी इन्सर्ट राहिला तर स्वच्छ तुकडाही बुडतो, वर ग्राइंडरची पाती जातात ती वेगळीच. आणि वापरलेलं मीठपाणी. ते गटारात सोडलं तर पुढे मुळा-मुठा किंवा इंद्रायणी आहे. गाळून पुन्हा वापरायचं, तळाचा गाळ घातक कचरा म्हणून द्यायचा. त्यात प्लास्टिकची भुकटी आणि अँटिमनी असतं.

जे हे काहीच करत नाहीत त्यांच्या दाणा मशीनमध्ये काय होतं? एबीएस २२० ते २४० अंशांवर वितळवतात. तिथे ब्रोमीनचा काही भाग हायड्रोजन ब्रोमाइड होऊन निघतो. व्हेंटपाशी उभ्या कामगाराचे डोळे चुरचुरतात, स्क्रू आणि बॅरल आतून खाल्लं जातं, मोल्डिंगवर रुपेरी रेघा येतात. मालक रेघांवर उपाय शोधतो : अजून थोडा काळा रंग.

आमच्या तक्रारी

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार प्रमाणपत्राची. ब्रोमीनचा माल वेगळा काढणाऱ्याला निवडीची मजुरी, तपासणी, वाहतूक आणि विल्हेवाटीचं शुल्क भरावं लागतं. मिसळून विकणाऱ्याला त्याच किलोचे पैसे मिळतात. दोघांना धातूंवर मिळणारं प्रमाणपत्र मात्र सारखंच. बाजाराला तुम्ही सांगितलंत की निवडू नका, आणि बाजाराने ते नीट ऐकलं.

उद्या कुणी म्हणेल, मग प्लास्टिकलाही पाचवा रकाना द्या. नुसता तसा रकाना दिला तर आम्ही त्याला विरोध करू. दाण्याच्या वजनावर प्रमाणपत्र दिलंत तर ब्रोमीनचं प्रत्येक कव्हर दाण्यात ढकलण्याला सरकारी बक्षीस लागेल. जे प्लास्टिक पुन्हा वापरू नये, ते बाहेर काढून नष्ट केल्याचं वजन मोजलं गेलं पाहिजे. या पत्रातली बाकी सगळी वाक्यं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

दुसरी. ०.१ टक्क्याची मर्यादा विजेच्या वस्तूंना आहे. त्याच टीव्हीपासून झालेला दाणा झाऱ्यात, कंगव्यात किंवा खेळण्यातल्या गाडीत गेला की हे नियम तिथे पोहोचत नाहीत. माल एका कायद्याच्या अंगणातून दुसऱ्याच्या अंगणात जातो, आणि मधल्या गल्लीत कुणीच उभं नाही.

तिसरी. ऑक्टा आणि पेंटाचा वापर २०१८ पासून बंद आहे. जुनं एबीएस दळून पुन्हा विकणं हा वापर आहे की नाही? आमच्या वाचनाप्रमाणे आहे. तुमचं म्हणणं वेगळं असेल तर ते लिहून द्या. तसं परिपत्रक आल्याशिवाय प्रामाणिक दाणेवाला कोणत्या आधारावर माल नाकारणार?

चौथी तक्रार शेडबद्दल. २०२५ च्या फेब्रुवारीत पिंपरी-चिंचवडमधल्या चिखली-कुदळवाडीतली भंगाराची हजारो बांधकामं पाडली गेली. ती अनधिकृत होती का, हा वाद इथे काढत नाही. पण शेड पाडल्याने कव्हरं नाहीशी होत नाहीत. जिथे हौद बांधता येतो, धुराड्याखाली दाणा मशीन बसवता येतं, तपासणीला माणूस येऊ शकतो, अशी पक्की जागा लागते. रोज जागा बदलणारा भंगारवाला मीठपाण्याचा हौद डोक्यावर घेऊन फिरत नाही. तो लायटरच वापरतो.

पाचवी लहान आहे. संकलन मोहिमेचा जाहीर आकडा नेहमी एकूण टनांत असतो. दिवाळीच्या साफसफाईत अमुक टन ई-कचरा गोळा झाला, छायाचित्र, पुष्पगुच्छ. त्यातलं प्लास्टिक किती आणि ते कोणी, कुठे, कशाच्या पावतीवर नेलं, हे कधी तरी छापा.

मागण्या

केंद्रीय मंडळाकडे : प्लास्टिकसाठी दोन वेगळे रकाने करा. एक, २००० मिलिग्रॅम प्रति किलोपेक्षा कमी ब्रोमीन असल्याची लॉटनिहाय तपासणी झालेला दाणा. दोन, वेगळा काढून अधिकृत भट्टीत नष्ट केलेला ब्रोमीनचा माल, घातक कचऱ्याच्या वाहतूक चलनासह. दुसऱ्याचं मोल पहिल्यापेक्षा कमी असू नये. आणि वस्तुमानाचा ताळा सक्तीचा करा : आत आलेल्या वस्तूंच्या वजनावरून अपेक्षित प्लास्टिक आणि बाहेर दाखवलेलं प्लास्टिक जुळलं नाही तर धातूंचं प्रमाणपत्रही रोखा. टीव्ही फोडून तांबं दाखवणाऱ्याने कव्हर कुठे गेलं ते सांगितलंच पाहिजे. डेकाला २०१८ च्या नियमांच्या यादीत आणा. यादी नुसती नावांची ठेवू नका. डेका गेला तिथे त्याचा चुलतभाऊ डीबीडीपीई आलेला आहे, म्हणून निवडीची रेघ एकूण ब्रोमीनवरच असावी.

राज्य मंडळाकडे : पुणे परिसरात किमान दोन ठिकाणी, एक पुण्याच्या आणि एक पिंपरी-चिंचवडच्या बाजूला, सामायिक एक्सआरएफ तपासणी सुरू करा. यंत्राची किंमत लाखांत जाते, क्ष-किरणांमुळे परवानगी आणि प्रशिक्षित माणूस लागतो. एकेका शेडला हे झेपणार नाही, लॉटमागे माफक शुल्क झेपेल. नोंदणी नसलेल्या भंगारवाल्यालाही तिथे माल तपासून मिळाला पाहिजे, परवाना न विचारता. परवाना विचारलात तर तो येणार नाही, आणि निवडायचा माल तर त्याच्याचकडे आहे. पद्धत घालून द्यायला बाहेरचे सल्लागार बोलावायची गरज नाही. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, इलेक्ट्रॉनिक्सच्या साहित्यावर संशोधन करणारी सी-मेट आहे, त्यांना विचारा.

विल्हेवाटीसाठी रांजणगावचं सामायिक घातक कचरा केंद्र पन्नासेक किलोमीटरवर आहे. छोट्या शेडचा दोनशे-तीनशे किलो माल एकत्र करून महिन्यातून ठरलेल्या दिवशी उचलणारी गाडी ठेवा आणि दर जाहीर करा. भट्टीत दुसऱ्या कक्षाचं तापमान ११०० अंश आणि वायूचा तिथला मुक्काम दोन सेकंद हवा, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ब्रोमीनचा माल एकदम लोटला तर धूर धुणाऱ्या स्क्रबरचा चुना पुरत नाही, म्हणून तो इतर कचऱ्यात थोडाथोडा द्यावा लागतो. हे परवानगीच्या अटींत आकड्यासह लिहा.

दोन्ही महापालिकांकडे : ई-कचऱ्याच्या निविदेत तीन अटी घाला. कव्हर अखंड द्यायचं, तपासणीआधी दळायचं नाही. प्लास्टिकच्या दोन्ही ढिगांचं वजन दर तिमाहीला संकेतस्थळावर टाकायचं. आणि सर्वांत जास्त बोली लावणाऱ्यालाच माल द्यायचा, हा निकष इथे वापरायचा नाही, कारण ब्रोमीनच्या कव्हराला जो सर्वांत जास्त भाव देतो तो ते मिसळणार आहे, दुसरा हिशेब त्यात बसत नाही. दारोदार जाऊन कचरा गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’च्या सभासदांना आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीला हे ठरवताना टेबलावर बसवा; शिक्का वाचून वेगळ्या पोत्यात टाकलेल्या प्रत्येक कव्हरामागे त्यांना वरचे पैसे द्या. उत्पादकांच्या जबाबदारीच्या रकमेतून ते सहज निघतात.

दाणेवाल्यांसाठी एक मुदतही मागतो. नियम आज काढून उद्या छापे घातलेत तर माल रातोरात जळेल, आणि तो धूर रसायनापेक्षा वाईट. सहा महिने द्या. पहिले तीन फक्त तपासणी आणि प्रशिक्षण, पुढचे तीन लेखी सूचना, त्यानंतर दंड. या सहा महिन्यांत जुना काळा चुरा, जो आता कुठल्याच हौदात निवडता येत नाही, तो जाहीर करून जमा करणाऱ्याला कारवाईतून सूट द्या आणि त्याचं वजन नष्ट केलेल्या रकान्यात धरा.

या पत्राचं उत्तर लेखी आणि जाहीर हवं आहे, मागणीनिहाय : मान्य, अमान्य, किंवा विचाराधीन असेल तर कोणत्या तारखेपर्यंत. नमुना काढण्याची पद्धत, हौदाचा आराखडा आणि शिक्क्यांचा मराठी तक्ता आम्ही तयार करून देऊ, त्याचे पैसे नकोत.

आपले,
पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातल्या भंगार, प्लास्टिक दाणा आणि पॉलिमर तपासणीच्या कामातले काही जण